सॅलरी स्लिपमधले २०० रुपये

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठीत सलग असं मी शेवटचं काही लिहिलं ते दहावीच्या निबंधात. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाचा संपादक (आमच्याच वर्गातला आहे, म्हणून नाव घेत नाही) म्हणाला, "काहीही दे, फक्त मैत्रीवरची कविता देऊ नकोस, अकरा आल्या आहेत." म्हणून हा लेख अर्थसंकल्पावर आहे. पान उलटू नका! मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. कळून घ्यायची वेळ आली ती फराळाच्या डब्यामुळे.

झालं असं की २०२५ च्या दिवाळीनंतर आजीने गावाहून पाठवलेला डबा द्यायला माझा चुलतभाऊ होस्टेलच्या गेटवर आला. दादा फेज टूमधल्या एका आयटी कंपनीत लागला त्याला दीड वर्ष झालं होतं. गेटवर नेहमीप्रमाणे रजिस्टरमध्ये नाव, नंबर, नातं, सही वगैरे सोपस्कार चालले होते आणि दादा मोबाईलवर सॅलरी स्लिप उघडून कुरकुरत होता. "पीएफ समजला, इन्कम टॅक्स समजला. हे पीटी २०० काय आहे? प्रोफेशनल टॅक्स म्हणे. नोकरी केली म्हणून दंड? आणि ह्याच पैशातून सरकार १५००-१५०० वाटत सुटलंय."

रजिस्टरमधून मान वर न करता आमचे सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "आमचेपण २००च कापतात, साहेब."

दादा गप्प. काकांचा पगार १६ हजार आणि दादाचा... जाऊ दे, आकडा छापला तर घरी लग्नाचा विषय निघेल. पण कापले जाणारे पैसे दोघांचे सारखे. हे काही मला पटेना. सबमिशनच्या फाईली अर्धवट टाकून मी दोन रात्री ह्या २०० रुपयांच्या मागे लागले. त्या फाईलींचं पुढे काय झालं ते आमच्या सरांना माहीत आहे.

तर पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० पर्यंत असेल तर हा कर नाही, १० हजारांपर्यंत १७५ रुपये आणि त्याच्या वर गेला की २००. बस्. पुढे पगार १६ हजार असो की १६ लाख, २००च. फेब्रुवारीत मात्र ३०० कापतात, कारण अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० केले की बरोबर २,५०० होतात. बायकांना २५ हजारांपर्यंत माफी आहे. आधी ही मर्यादा १० हजार होती, मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ती वाढवली. आणि २,५०० च का? तर हा आकडा थेट राज्यघटनेत आहे, कलम २७६ मध्ये. तिथे आधी वर्षाला २५० रुपये अशी मर्यादा होती, १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. तेव्हापासून तो आकडा जागचा हललेला नाही. १९८८ मध्ये आयटी पार्कचं नावसुद्धा हिंजवडीत कुणी ऐकलं नव्हतं. इथे शेतं होती.

मला वाटलं होतं की हा इंग्रजांच्या काळातला एखादा कर असेल, कुणी काढून टाकायला विसरलं असेल. निघाला तो आजीच्या काळातला.

माझी आजी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली. ज्यांना जत माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगली म्हटल्यावर ऊस, द्राक्षं, हळद असं जे डोळ्यांसमोर येतं ते सगळं वजा करा, जे उरेल ते जत. १९७२ च्या दुष्काळात आजी माझ्याएवढी होती, वीस वर्षांची. त्या दुष्काळात सरकारने जागोजागी कामं काढली. खडी फोडायची, रस्त्याची माती टाकायची, पाझर तलाव खणायचे, बांध घालायचे. मे १९७३ मध्ये, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांत, महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आजी अजून सांगते, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. "गोड लागायची का?" असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "भूक गोड असती, बाळ."

ही कामं म्हणजे तात्पुरता इलाज होता. पाऊस पडला, कामं बंद. पण दुष्काळाची वाट न बघता, मागेल त्याला काम ही कायमची हमी असावी, ही कल्पना त्याआधीपासून एका माणसाच्या डोक्यात होती. वि. स. पागे. आजीच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास त्याचा प्रयोगही झाला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये, ती राज्याची योजना झाली. मग १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला: काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, आणि बाई-पुरुष मजुरी सारखी. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमी कायदा केला (नंतर ज्याचं नाव मनरेगा झालं), त्याचं मूळ इथे आहे. एवढी मोठी गोष्ट शाळेच्या इतिहासात आमच्या वाट्याला चार ओळीसुद्धा आली नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

पण मला सर्वात आवडलेला भाग वेगळाच आहे. हमी द्यायची म्हणजे पैसे लागणार, आणि दरवर्षी लागणार. ते कुठून आणायचे? ह्याचं उत्तर १९७५ मध्ये दिलं गेलं, आणि ते उत्तर म्हणजे दादाच्या स्लिपमधले २०० रुपये. व्यवसाय कर महाराष्ट्रात आला तोच रोजगार हमीसाठी. शहरात ज्याला दर महिन्याला ठरलेला पगार मिळतो, त्याने गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या मजुरीसाठी थोडा वाटा द्यायचा. त्याच्या जोडीला मोटारींवरच्या करात वाढ, विक्रीकरावर अधिभार, पाण्याखालच्या शेतीवर कर असे आणखी काही. ह्या सगळ्यांतून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे इकडे खर्च, तिकडे त्याचं उत्पन्न, दोन्ही एकाच वेळी लोकांपुढे मांडलेलं. "आम्ही हे देणार आहोत, आणि ते अमक्याकडून घेणार आहोत" हे तोंडावर सांगायला राजकारण्याला धाडस लागतं. दुसरं वाक्य सहसा कुणी उच्चारत नाही.

ह्यात आमच्या कंट्रोल सिस्टीमच्या पेपरला शोभेल अशी एक गंमतही आहे. पाऊस चांगला झाला की माणसं आपापल्या शेतात जातात, कामावरची गर्दी आपोआप कमी होते आणि खर्चही उतरतो. दुष्काळ पडला की गर्दी वाढते, खर्च वाढतो. निगेटिव्ह फीडबॅक! शिवाय गरीब कोण हे ठरवायला कुणी साहेब लागत नाही. रणरणत्या उन्हात खडी फोडायला जो स्वतःहून येतो त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला कशाला मागायचा?

आता लगेच हुरळून जाऊ नका. ह्या योजनेत खोटी हजेरी लावून पैसे खाणारे इतके झाले की 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' अशी म्हणच पडली. ती म्हण मला आमच्या लॅब असिस्टंट सरांनी सांगितली, आणि नंतर "माझं नाव छापू नकोस" असंही सांगितलं. दुसरं म्हणजे, करातून जमलेली रक्कम आणि सरकारचा वाटा मिळून जेवढं व्हायचं, तेवढं रोजगार हमीवर बऱ्याच वर्षी खर्चच झालं नाही, विशेषतः पुढच्या काळात. कर एका नावाने गोळा झाला आणि मोठ्या तिजोरीत मिसळून गेला. आणि तिसरं, ते २,५०० चं कुलूप. ज्याचा पगार वाढला त्याच्याकडून जास्त घ्यावं ही साधी गोष्टसुद्धा राज्याला करता येत नाही, कारण त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती लागेल. म्हणून काका आणि दादा एकाच रांगेत उभे आहेत.

आता दादाच्या दुसऱ्या वाक्याकडे वळते. "१५००-१५०० वाटत सुटलंय."

२८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं त्या वेळी सांगितलं गेलं. १७ ऑगस्टला राज्याच्या कार्यक्रमात वाटप सुरू झालं तेही कुठे, तर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, आणि प्रचारात हा आकडा २,१०० करण्याचं आश्वासनही दिलं गेलं. (मी लवकरच २१ ची होईन. वयात बसेन, उत्पन्नात नाही. रूममेट्सनी पार्टी मागायचं थांबवावं.)

खर्च सांगितला. ह्या वेळी दुसरं वाक्य मात्र नव्हतं. हे कुणाकडून घेणार?

एक साधा हिशेब करा. एका बहिणीला वर्षाचे १८,००० रुपये. एक नोकरदार वर्षाला व्यवसाय कर देतो २,५००. म्हणजे एका बहिणीमागे सात नोकरदारांचा पूर्ण कर, आणि वर आठव्याचा थोडासा. दादाच्या फ्लोअरवर समजा सत्तर जण बसतात. त्या अख्ख्या फ्लोअरचा व्यवसाय कर दहा बायकांच्या पलीकडे पुरत नाही. तेव्हा "माझ्याच पैशातून" ही दादाची तक्रार खरी असली तरी फार मोठी नाही!

मग पैसे येतात कुठून? मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पाचे आकडे बघू. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी. महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. तूट ४५ हजार ८९१ कोटी. महसुली म्हणजे रोजचा व्यवहार: पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना. त्यात पूल-धरणं-इमारती धरल्या की एकूण उसनवारी, म्हणजे राजकोषीय तूट, होते सुमारे १ लाख ३६ हजार कोटी. ती राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे, म्हणून कागदावर आपण 'पास' आहोत. पण खरी गोम आत आहे. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढणं वेगळं आणि कँटीनच्या वडापावसाठी रूममेटकडून उधार घेणं वेगळं. पहिल्यातून पुढे काहीतरी उभं राहतं. महाराष्ट्राने २०२५-२६ साठी जेवढी उसनवारी धरली त्यातली एक तृतीयांश वडापावची आहे.

ही सगळी लाडक्या बहिणींची करणी, असं दादाला वाटत होतं. नाही. त्या वर्षी योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. ते पूर्ण वजा केले तरी जवळपास दहा हजार कोटींची महसुली तूट उरतेच. पगार, पेन्शन आणि व्याज ह्या तिघांतच जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो. नुसतं व्याजच सुमारे ६५ हजार कोटी. एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार असा त्या अर्थसंकल्पाचा अंदाज होता. केंद्राचं चित्रही फार वेगळं नाही. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा, त्यात १२ लाख ७६ हजार कोटी व्याजाचे, म्हणजे खर्चाच्या रुपयातले चार आणे. फरक एवढाच की चलनाची किल्ली देशाकडे आहे, राज्याकडे नाही. आणि ज्या राज्याच्या डोक्यावर केंद्राचं कर्ज शिल्लक आहे त्याला नवं कर्ज काढायलाही, घटनेच्या कलम २९३ प्रमाणे, केंद्राची परवानगी लागते.

उत्पन्न वाढवायला राज्याच्या हातात तरी काय उरलंय? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराची मोठी दोरी राज्यांच्या हातून गेली. उरलं ते फ्लॅटच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, गाड्यांवरचा कर, विजेवरचं शुल्क, दारू, आणि आपला तो २,५०० वर अडकलेला व्यवसाय कर. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील अशी अपेक्षा धरून. म्हणजे नवऱ्याने बाटलीत घातलेल्या पैशातले काही फिरून बायकोच्या खात्यात येणार. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम. मधले लॉसेस धरायचे.

मला विचाराल तर तुटीचा आकडा हा खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न आमच्या तिसऱ्या मजल्यावर दर हिवाळ्यात येतो. एकीने किटली लावली, दुसरीने इस्त्री, तिसरीने (नियमात बसत नसलेलं) इंडक्शन, की एमसीबी ट्रिप होतो. आणि अंधार कुणाच्या खोलीत? किटली लावलेलीच्या एकटीच्या नाही. सगळ्या विंगमध्ये. व्हायवाच्या आदल्या रात्री वाचत बसलेली बिचारी काहीच न लावता अंधारात. सोर्स न वाढवता लोड वाढवला की कुठेतरी काहीतरी बंद पडतं, आणि जे बंद पडतं त्याची घोषणा होत नाही.

काय बंद पडलं ते बघा. एक रुपयात पीकविमा २०२३ मध्ये सुरू झाला होता, २०२५ मध्ये तो गुंडाळला आणि शेतकऱ्याचा हप्ता परत आला. दिवाळी-गणपतीला १०० रुपयांत मिळणारा 'आनंदाचा शिधा' २०२२ च्या दिवाळीत सुरू झाला, २०२५ च्या सणांना मिळाला नाही. पीकविम्यात बोगस अर्जांचे घोटाळे झाले होते हे खरं, पण पैशाची ओढाताणही तितकीच खरी. आणि एक गोष्ट आपल्यासारख्या होस्टेलवाल्यांच्या जवळची. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचे पैसे ह्या योजनेकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. सामाजिक न्यायचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी असे आकडे तेव्हा आले. सरकारचं म्हणणं असं की लाभार्थींमध्ये त्या समाजांतल्या बहिणीही आहेतच, म्हणून त्यांचा हिस्सा त्या खात्यांतून. हिशेबाला ते बरोबर दिसतं. पण ह्याच दोन खात्यांकडे मुला-मुलींची सरकारी वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या आहेत. आपल्या वर्गात शिष्यवृत्ती कधी जमा होणार ह्याची वाट बघत फीच्या रांगेत टाळाटाळ करणारे किती जण आहेत, ते मोजायला दुसरा हातही लागेल.

आणखी एक गोष्ट मला कॅल्क्युलेटरवर सापडली, आणि थोडी भीती वाटली. ३६ हजार कोटींना १८ हजारांनी भागा. उत्तर येतं २ कोटी. पण निवडणुकीच्या आधीच २ कोटी ३० लाखांहून जास्त बायकांना पैसे मिळत होते. काहींना ५००च मिळतात हे धरलं (ज्यांना शेतकरी सन्मानचे १,००० मिळतात त्यांना), तरी गणित पूर्ण बसत नाही. म्हणजे काही बहिणी गळणार हे मार्च २०२५ मध्येच आकड्यांत लिहिलेलं होतं. फक्त कोण, हे ठरायचं होतं. पुढे जूनपासून सुमारे २६ लाख खात्यांचे पैसे छाननीसाठी थांबले. त्यात चारचाकीवाल्या होत्या, एकाच घरातल्या तिघी-चौघी होत्या, आणि कहर म्हणजे १४ हजारांवर पुरुषसुद्धा बहीण म्हणून पैसे घेत असल्याचं समोर आलं! ते थांबलेच पाहिजेत. पण चाळणी हलली की खड्यांबरोबर दाणेही पडतात.

आपल्या मेसमध्ये चपात्या करणाऱ्या मावशी त्यातला एक दाणा. मराठवाड्यातलं गाव, नवरा सात वर्षांपूर्वी वारला, वडील त्याच्याही आधी. मुलगी अकरावीला. १,५०० तून तिच्या क्लासची फी जायची. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना ई-केवायसी करायला सांगितलं. मावशी माझ्याकडे आल्या, "तुझ्या लॅपटॉपवर होईल ना गं?" म्हणून. मी मोठ्या ऐटीत बसले. स्वतःचा आधार, ओटीपी, झालं. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी मागितला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "वर फोन लागतो का बघ." मी इंजिनिअर होणार आहे, पण त्या पानाला काय उत्तर द्यायचं हे मला सुचलं नाही.

रोजगार हमीत हे झालं नसतं, असं मला त्या रात्री वाटलं. तिथे हातात कुदळ घेऊन उभं राहिलं की झालं. मी आजीला फोन करून माझा हा निष्कर्ष मोठ्या थाटात ऐकवला: फुकट देण्यापेक्षा काम देणं बरं, खर्चही आटोक्यात, माणसाचा मानही राहतो. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या थोरल्या चुलत्याला पाठीला बांधून खडी फोडलीया मी. घण उचलला की ते पोर रडायचं. त्या टायमाला कुणी पंधराशे दिलं असतं तर मी मान बघत बसले नसते."

थोरला चुलता म्हणजे दादाचे वडील. हे मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "तरी पण २०० मध्ये काका आणि मी सारखे, हे चूकच आहे." ह्यावर आमचं एकमत आहे. माझं मत विचारलंत तर बहिणींचे पैसे बंद करू नयेत, पण २,५०० चं ते १९८८ चं कुलूप काढावं, काकांसारख्यांना पूर्ण माफी द्यावी आणि दादासारख्यांकडून महिना हजार घ्यावेत. दादा "महिना हजार" ऐकल्यावर एकमतातून बाहेर पडला.

दरम्यान डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ केले, पण महाराष्ट्रासारख्या राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. मनरेगात अकुशल मजुरी पूर्ण केंद्र द्यायचं. म्हणजे १९७५ चा प्रश्न पन्नास वर्षांनी पुन्हा मंत्रालयाच्या टेबलावर आलाय: हमी दिली, पैसे कुणाकडून घ्यायचे?

मावशींचं सांगायचं राहिलं. नंतर सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि ज्यांचे नवरा व वडील दोघेही हयात नाहीत त्यांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सोय केली. दाखला गावच्या ग्रामपंचायतीत, अंगणवाडी गावात, आणि मावशी हिंजवडीत. एसटीने गेल्या, बायकांना अर्धं तिकीट आहे ते बरं (ती आणखी एक योजना, मार्च २०२३ ची). जाऊन-येऊन दोन दिवस, म्हणजे दोन दिवसांचा खाडा, म्हणजे साधारण ७०० रुपये पगारातून कमी. दाखला देऊन आल्या आहेत. डिसेंबरात ज्यांना दोन दिवस मेसच्या चपात्या तोडायला दोन्ही हात का लागत होते हा प्रश्न पडला होता, त्यांना आता कळलं असेल.